सगळे डबे ठीक

१

आगगाडीचे डबे ठेवायला कपाट करायचं तर आधी डबे मोजावे लागतात, आणि आप्पा डब्यांना हात लावू देत नव्हते.

"तू कपाट केवढं करणार ते सांग," ते म्हणाले. "किती बसत्यात ते मी बघतो."

"आप्पा, असं उलटं नसतं. आधी माल, मग पेटी."

"रेल्वेत आधी रूळ टाकत्यात, मग गाडी येती."

आप्पांशी कुठलंही बोलणं रेल्वेत जाऊनच थांबतं. आप्पा म्हणजे पोपटराव, माझ्या वडलांचे थोरले भाऊ. सगळी नोकरी दौंड जंक्शनला झाली. काम एकच. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेने चालायचं आणि प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचा. चाक खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. मग त्या डब्यावर खडूने फुली मारायची आणि डबा गाडीतून तोडून बाजूच्या रुळावर उभा करायचा. त्या रुळाला ते सिक लाइन म्हणतात. आजारी डब्यांची लाइन.

लग्न त्यांनी केलं नाही. रिटायर झाल्यावर दौंडमध्येच दोन खोल्यांत राहिले आणि पत्र्याचे डबे करायला लागले. तेलाच्या डब्याचा पत्रा कापायचा, वाकवायचा, पितळेची चाकं ओळखीच्या लेथवर काढून आणायची. दीड वीत लांबीचा एकेक डबा, खिडक्यांना गज, दारांना कड्या. इंजिनिअरिंगला असताना मी त्यांच्याकडे राहून शटलने पुण्याला जा-ये करायचे, तेव्हा डबे पलंगाखाली मावत होते. मी पास होईपर्यंत ते माळ्यावर गेले, फ्रिजवर गेले, माझ्या पुस्तकांच्या फळीवर आले. चपलांचे खोके, बिस्किटांचे पुडे, जिथे जागा मिळेल तिथे.

यंदा आप्पा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं, आत स्टीलचा रॉड घातला, हातात वॉकर आला. आई म्हणाली, आता त्यांना आपल्याकडे वडगाव रासाईला आणायचं. पप्पा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच आहोत. मलाही तेच हवं होतं. गॅस पेटवून विसरणारा माणूस दौंडला एकटा, आणि मी दिवसभर कंपनीत फोनकडे बघत बसलेली. हे मला चालणार नव्हतं.

आप्पा म्हणाले, गाड्या आल्या तर मी येतो.

म्हणून कपाट.

"मोजू द्या," मी म्हणाले, "नाहीतर अंदाजाने करते. मग तुमचं इंजिन गोठ्यात बांधावं लागेल."

तेव्हा कुठे त्यांनी पहिला खोका पुढे सरकवला.

२

मी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीत आहे. माझं काम आप्पांसारखंच, फक्त हातोडीऐवजी गेज. तुकडा मापात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये. त्यामुळे कपाट मापात झालं. बारा एमएमचा प्लाय, पाठीला पातळ फळी, एकावर एक ड्रॉवर, प्रत्येक ड्रॉवरमध्ये डब्यांच्या मापाचे खण. खणांत पॅकिंगचा पांढरा दाट फोम, कंपनीच्या भंगारातून गेटपास काढून आणलेला. डबा आत ठेवला की चाकं फोममध्ये रुतायची. पिकअपमधून नेलं तरी हलणार नाही की वाजणार नाही.

"लोकांच्या पोरी रुखवत करत्यात," आई ओट्यावरून म्हणाली, "आन् आमची कपाट करती."

"रुखवतात हेच मांडू, आई. नवऱ्याकडचे लोक पळून जातील, काम सोपं."

सगळे डबे गोळा करताना आप्पांच्या पलंगाखाली सफरचंदाचा एक लाकडी खोका निघाला. वर सुतळी बांधलेली.

"त्याला हात लावू नको," आप्पा म्हणाले. "तसाच न्यायचा. उघडायचा न्हाई."

"का?"

"मोडके हायेत."

"मग टाकून देऊ. नाहीतर दुरुस्त करू."

"दोन्ही न्हाई. खोका खोक्यासारखा राहू दे."

"आप्पा, कारण सांगा. कारण असेल तर ऐकते."

"कारण काय कारण? म्हणलं ना, राहू दे."

हे 'म्हणलं ना' मी लहानपणापासून ऐकते आहे. अमुक वारी केस धुवू नको. का? म्हणलं ना. तिन्हीसांजेला सुई मागू नको. का? म्हणलं ना. मोठ्या माणसांना कारण माहीत असतं पण सांगायचं नसतं, असं मला आधी वाटायचं. मग कळलं, कारण त्यांनाही माहीत नसतं.

घरी आणल्यावर मी सुतळी कापली.

आतले डबे मोडके होते हे खरं. सगळ्यांवर खडूच्या फुल्या होत्या. पण ते पडून मोडलेले नव्हते. पडलं तर पितळ वाकतं. इथे चाकांना जोडणारा ॲक्सल आडवा चिरला होता, ब्लेडने कापल्यासारखा, आणि प्रत्येक डब्यात एकाच जागी. पितळ हलकं असणार, असं मी ठरवलं. दुकानातून स्टीलचा बारीक गज आणला, नवे ॲक्सल कापले, चाकं परत बसवली, ओल्या फडक्याने फुल्या पुसल्या. दोन सुट्ट्या त्यात गेल्या. मग कपाटात जागा वाढवून त्यांनाही खण केले.

शेवटी एकही खण रिकामा नव्हता आणि एकही डबा बाहेर नव्हता. त्याचा फोटो मी कॉलेजच्या ग्रुपवर टाकला.

३

आमची जमीन वाट्याने करणारा गोकुळ पिकअप घेऊन आला आणि आप्पांना घेऊन आलो. त्यांचा लोखंडी पलंग बाहेरच्या खोलीत टाकला, शेजारी कपाट. आईने आतली खोली झाडून स्वतःची चटई तिथे हलवली. दिरासमोर दुपारचं आडवं व्हायची तिची पद्धत नाही.

आप्पांनी पलंगावर बसूनच एकेक ड्रॉवर ओढला. चॅनल गुळगुळीत चालत होते. त्यांनी बोट फिरवलं, खण दाबून पाहिले.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. हे त्यांच्या तोंडून निघणं म्हणजे मोठी गोष्ट. मग खालचा ड्रॉवर ओढला आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

"हे कुठले?"

"खोक्यातले. दुरुस्त केलेत. बघा, ओळखू येतात का?"

"सगळे?"

"सगळे."

"एखादा तरी राहिला आसंल."

"नाही राहिला. मी क्वालिटीत आहे, आप्पा. माझ्याकडून राहत नाही."

ते त्या ड्रॉवरकडेच बघत राहिले. आईने चहा आणला तो निवला. मग हळूच, आई आत गेल्यावर, म्हणाले, "प्रांजल, त्यातला एक मोड."

"काय?"

"कुठलाबी. तुझ्या हातानं मोड आन् बाहिर ठेव. माझं पाय धड आसतं तर मीच केलं आसतं."

"दोन सुट्ट्या घालवल्यात मी त्यात. कारण सांगा, मोडते."

 ते भिंतीकडे वळून पडून राहिले. मी पण ड्रॉवर जरा जोरातच ढकलला.

४

पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या सुट्टीच्या दिवशी. दुपारची जेवणं झाली होती. आई आत झोपली होती, आप्पा पलंगावर, मी ओट्यावर मोबाइल घेऊन. लाइट गेली. आमच्याकडे लाइट गेली की ते कानाला कळतं. पंखा थांबतो, मग नदीवरच्या मोटारी थांबतात, मग ऊस सळसळतो तो ऐकू येतो.

टण.

थोडं थांबून पुन्हा, टण.

मला नवल वाटलं नाही. दौंडला आप्पा रोज जेवण झालं की डबे ओळीने मांडायचे आणि छोट्या हातोडीने एकेक चाक वाजवायचे. त्यातला एखादा उचलून बाजूला ठेवायचे. म्हाताऱ्या माणसाची सवय. उठले असतील, असं म्हणून मी मोबाइलमध्ये परत डोकं घातलं. मग आठवलं, ते वॉकरशिवाय उठू शकत नाहीत, आणि वॉकर ओट्यावर माझ्या शेजारी होता.

मी आत गेले. आप्पा तोंड उघडं टाकून घोरत होते. हातोडी खिळ्याला टांगलेली.

टण. कपाटातून. तिसऱ्या ड्रॉवरमधून.

प्लाय तापला की कुरकुरतो. फेविकॉल पुरता वाळला नसेल तर सांधे आवळतात. मी हे सगळं मनात म्हणून पाहिलं. पण लाकूड वाटेल तिथे वाजतं. हा आवाज डावीकडून उजवीकडे जात होता, एकेक खण, मग खालचा ड्रॉवर, परत डावीकडून. मी तो ड्रॉवर ओढला. आवाज थांबला. डबे फोममध्ये गपचूप बसले होते. एका चाकाला नखाने टिचकी मारली. टप. फोममध्ये रुतलेलं चाक याच्यापेक्षा जास्त वाजूच शकत नाही, मी ते तसंच केलं होतं.

ड्रॉवर बंद केला.

बंद ड्रॉवरच्या आत चाक वाजलं. लांब, स्वच्छ, रुळावर उभ्या असलेल्या चाकासारखं.

५

"दुपारचं कोण ठोकतंय गं?" आईने पुढच्या आठवड्यात विचारलं. "रोज चाललंय. गोकुळ शेडचं पत्रं ठोकतोय का?"

"तुला कुठून येतो आवाज?"

"पयलं बाहिरच्या खोलीतनं. मग माझ्या भांड्यांतनं. मग आंगणात जातो."

पुढच्या सुट्टीला मी त्यासाठीच जागी राहिले. आई म्हणाली ते खरं होतं. कपाटातला शेवटचा डबा खणखणीत वाजला आणि आवाज तिथे थांबला नाही. उंबऱ्याजवळची पाण्याची टाकी वाजली. मग आतल्या मांडणीवरचे स्टीलचे डबे, एकेक. मग मागच्या दाराने बाहेर, फाटकाचे गज, ट्रॉलीची चाकं. कुठे घाई नाही. प्रत्येक टोल्यानंतर तेवढंच थांबणं, जेवढं ऐकणाऱ्याला लागतं.

मग गोठा. तिथे वाजण्यासारखं काही नाही. पण गाई ओळीने बांधलेल्या होत्या, आणि पहिलीने मान वर केली. तिने खाली घातली तेव्हा दुसरीने वर केली. मग तिसरीने. शेवटच्या गाईने मान वर करून बराच वेळ आपल्या मागच्या पायांकडे पाहिलं.

"बिबट्या आसंल," आई माझ्या खांद्यामागून म्हणाली. आमच्याकडे उसात बिबटे आहेत, त्यामुळे काहीही झालं की बिबट्या.

"आई, बिबट्या हातोडी घेऊन येत नाही."

"तुला लई कळतं," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तिने दुपारी आतल्या खोलीचं मागचं दार कडी लावून घेतलं.

आप्पांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "ठीक वाजतंय ना सगळं? मग झालं." त्यांचा आवाज मात्र झाल्यासारखा नव्हता.

६

दौंडहून इनुसमामा भेटायला आले. आप्पांच्या बरोबरीने हातोडी चालवलेला माणूस. स्कूटरच्या डिकीत खारीचा पुडा, तोंडात चेष्टा.

"काय पोपटराव, वावरात येऊन सायेब झाला व्हय! दोन-दोन बाया दिमतीला."

"तू ये की ऱ्हायला," आप्पा म्हणाले.

"नगं बाबा. मला गाड्यांच्या आवाजाबिगर झोप येत न्हाई."

हसणं-खिदळणं चाललं होतं. आईने आत मासवडीचा घाट घातला होता. मी म्हटलं, आता विचारावं. "मामा, आप्पा मला चांगला डबा मोडायला सांगतात. तुम्ही तरी सांगा, का?"

मामा हसत होते ते हसतच बोलले. "अगं, गाडी बघाया एवढ्या लांबनं जो कोन येतो, त्याला कायतरी घावलं पायजे का न्हाई? बिचाऱ्यानं रिकाम्या हातानं कसं जायचं?"

"कोण येतो?"

आप्पा हसले नाहीत. मामांनी आप्पांकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

"आत सगळे ठीक हायेत व्हय, पोपट?"

"सगळे," आप्पा म्हणाले. "पोरीनं एकबी मोडका ठेवला न्हाई."

इनुसमामांनी कप खाली ठेवला. सून वाट बघत असेल, उन्हाच्या आत पोचतो, असं म्हणत चपला घातल्या. मासवडीचा वास घरभर सुटलेला असताना उठून जाणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आई दुपारभर धुसफुसत होती.

मला मात्र कंपनी आठवत होती. आमच्याकडे बाहेरचे ऑडिटर येतात. आमच्या साहेबांचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. ऑडिटच्या आधी एक छोटी चूक मुद्दाम ठेवायची. एखाद्या बादलीवरचं लेबल जुनं, एखादी तारीख राहिलेली. ऑडिटरला काही सापडलं की तो लिहून घेतो, चहा पितो, जातो. काहीच सापडलं नाही तर तो जात नाही. तो आणखी आत शिरतो. कपाटं उघडायला लावतो, माणसांना विचारायला लागतो.

आप्पा रोज दुपारी एखादा डबा का बाजूला ठेवायचे, हे मला कोणी न सांगता कळलं. यात भूत वगैरे मी आणत नव्हते. एवढंच म्हणत होते, की जे काही आहे त्याची पद्धत मला ओळखीची आहे. आणि पद्धत ओळखीची असली की उपाय करता येतो.

७

मी गाडीतला पार्सलचा डबा काढला, हॅकसॉच्या पात्याने त्याचा ॲक्सल अर्धा कापला आणि डबा परत खणात ठेवला. आप्पांना सांगितलं नाही. त्यांचं बरोबर होतं हे एवढ्यात कबूल करायची माझी तयारी नव्हती.

दुपारी आई आत झोपली. आप्पा चादर ओढून पडले होते. मी कपाटासमोर खुर्ची घेऊन बसले. लाइट गेली.

टण. टण. ओळीने, ड्रॉवरमागून ड्रॉवर. आवाज पार्सलच्या डब्याशी आला तेव्हा मी खुर्चीतून पुढे वाकले.

टण.

स्वच्छ. बाकीच्यांहून स्वच्छ. हुशार ऑडिटरला मुद्दाम ठेवलेली चूक ओळखू येते, हे मला आधीच सुचायला हवं होतं. तो तिकडे ढुंकून बघत नाही.

शेवटचा डबा झाला. मग पलंगाचा पाय वाजला. या वेळी टाकीकडे नाही, मांडणीकडे नाही, पलंगाकडे. दुसरा पाय. तिसरा. चौथा. लोखंड छान वाजत होतं.

मग आप्पांच्या खुब्यावर करडी सोलापुरी चादर खाली दबली. तळहाताने दाबावी तशी नाही. हाताच्या पाठीने. चार बोटांची हाडं ओळीने उमटली आणि तिथेच राहिली. ॲक्सल तापला आहे का हे बघायला असाच हात लावतात, आप्पांनीच मला दाखवलं होतं. तळवा भाजू नये म्हणून.

आप्पा जागे होते. छताकडे बघत होते. 

हात उचलला गेला. चादर वर आली. आणि टोला बसला.

बद्द.

तडकलेल्या मडक्यासारखा, न घुमणारा आवाज. मग चादरीवर एक पांढरी रेघ ओढली गेली. खडू दिसला नाही, रेघ दिसली. तिच्यावर आडवी दुसरी.

पंखा सुरू झाला.

८

त्यानंतर आवाज बंद झाला. आई खूश. "गोकुळचं पत्रं झालं जणू," म्हणाली.

मी चादर धुवायला घेतली तर आप्पांनी सोडली नाही. म्हणाले, "मला दौंडला नेऊन सोड."

"नाही."

"फुली पडल्याला डबा गाडीत ठेवत न्हाईत, प्रांजल. बाकीच्या गाडीला धोका असतो."

"तुम्ही डबा नाही आहात."

"तुला सांगून काय उपेग."

"सांगितलंच कधी? सांगायच्या वेळी भिंतीकडे तोंड करून झोपलात!"

मी ओरडले आणि त्यांना रडू आलं. आप्पांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग मीच त्यांच्या पायाशी बसले. ज्यांच्या खोलीत शिकून मी इंजिनिअर झाले त्यांना पुन्हा एकटं टाकून यायचं, फुली पडली म्हणून, हे मी करणार नव्हते.

पाय दुखायला लागला होता. शिरूरला नेऊन एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "परत पडलेत का?" त्यांनी विचारलं. पडले नव्हते. आतला स्टीलचा रॉड आडवा चिरला होता. वाकलेला नव्हता. ब्लेडने कापल्यासारखा. असं होत नाही, डॉक्टर म्हणाले. रॉड बदलावा लागेल, आणि या वयात, एवढ्या अशक्त हृदयाला, दुसरं ऑपरेशन झेपेल का हे ते सांगू शकत नव्हते.

खोक्यातले डबे माझ्या डोळ्यांसमोर आले. आधी काय झालं होतं, तडा की फुली? मी कधी विचारच केला नव्हता.

परतीच्या रस्त्याला मी उपाय शोधत होते. आमच्याकडे रिजेक्ट झालेला माल पुन्हा तपासायला देता येतो. पुन्हा पास झाला की आधीचा शेरा रद्द. आणि पास होईल याची खात्री नसेल तर लोक काय करतात, तेही मला माहीत आहे. लेबल तेच ठेवतात, तुकडा बदलतात. चुकीचं आहे. मी स्वतः दोघांना पकडलं आहे त्यासाठी. पण पकडलं नाही तर चालतं.

मी चोवीस वर्षांची आहे. मला साधा तापही कधी येत नाही. मी खणखणीत वाजेन याबद्दल मला शंका नव्हती.

९

पार्सलच्या डब्याला नवा ॲक्सल घातला. जेवणं झाली, आई आत जाऊन झोपली. मी खिळ्याची हातोडी काढली आणि सगळे डबे जमिनीवर मांडून प्रत्येक चाक ओळीने वाजवलं, आप्पा वाजवायचे तसं. गाडी पुन्हा तपासायला लावली, एवढाच त्याचा अर्थ. मग डबे खणांत ठेवले.

"आता तुम्ही आत जा," मी आप्पांना म्हणाले. "आईच्या खोलीत खुर्ची आहे, आजच्यापुरते तिथे बसा. मी बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही."

"काय करणारेस?"

"म्हणलं ना, जा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वॉकर उचलत, टेकत निघाले. मी पलंगावर त्यांच्या जागी आडवी झाले, चादर गळ्यापर्यंत घेतली, फुली बरोबर खुब्यावर येईल अशी सरकवली आणि डोळे मिटले.

लाइट गेली.

सगळे डबे ठीक वाजले. पलंगाचे चारही पाय ठीक वाजले. मग माझ्या खुब्यावर वजन आलं. हाताची पाठ. गार नाही, गरम नाही, कामाच्या माणसाचा कोरडा हात. तो जरा जास्त वेळ थांबला. 

टोला बसला तेव्हा दुखलं नाही. आवाज माझ्या हाडांतून निघाला आणि डोक्यापर्यंत गेला. खणखणीत. इतका, की दातांत मुंग्या आल्या.

डोळे उघडले. चादर करडी, साफ. फुली नव्हती.

पास. मला हसू आलं. आप्पांना हाक मारणार होते, पण म्हटलं लाइट येऊ दे.

लाइट आली नाही.

आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर टोला पडला. मग आतल्या मांडणीवरचा स्टीलचा डबा वाजला. त्याच्या शेजारचा. त्याच्या शेजारचा. घाई नव्हती. मी हातावर उठून बसले. आप्पा आत खुर्चीवर आहेत. त्यांना मीच तिथे पाठवलं आहे.

बद्द.

"आप्पा!" मी किंचाळले.

"हितं हाय की मी," आप्पा म्हणाले.

ते ओट्यावर होते. उंबऱ्याबाहेर, उन्हात, वॉकरला धरून उभे. आत गेलेच नव्हते.

"तुला एकटीला सोडून आत बसंन व्हय मी? खणखणीत वाजलीस. ऐकलं मी," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. "आत कोन हाय गं?"

आत आई झोपली होती.